अप्पर, डिपर आणि बाबा

बाबांनी ब्रेक मारला तेव्हा मी मोबाइलवर एका कॅफेच्या रिव्ह्यूचा शेवटचा पॅरा टाइप करत होते. फोन हातातून उडाला आणि पायाशी कुठंतरी गेला. समोर बघितलं तर बॉनेटपासून जेमतेम चार-पाच फुटांवर उसाच्या मोळ्यांनी गच्च भरलेली ट्रॉली. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकंसुद्धा नाही.

डिसेंबर २०२४. साताऱ्यात मावसबहिणीचा साखरपुडा उरकून आम्ही सांगलीला परत निघालो होतो. पेठ नाक्याला हायवे सोडला होता आणि आष्टा अजून यायचं होतं. रात्रीचे साडेनऊ. मागच्या सीटवर आई झोपली होती. ती खडबडून जागी झाली आणि तिनं आधी कंदी पेढ्यांचा बॉक्स सावरला.

"रिफ्लेक्टर नाही बघ त्याला," बाबा म्हणाले. "आणि आपली लाइट पण मंद पडलीय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त एक मोटरसायकलवाला आमच्या शेजारून आला आणि त्याच ट्रॉलीला लांबूनच आरामात कट मारून पुढं गेला, हे मी बघितलं. तेव्हा त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत मी नव्हते. हात थरथरत होते आणि रिव्ह्यूची डेडलाइन रात्री बाराची होती.

आधी गाडीची ओळख करून देते. प्रीमियर पद्मिनी, १९९२ चं मॉडेल, एमएच-११, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबा एमएसईबीत होते, लाइनवर. १९९६ मध्ये साताऱ्यात पोस्टिंग असताना त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. म्हणजे आम्ही दोघी एकाच वर्षी घरात आलो. जास्त लाड कुणाचे झाले, यावर मी आज काही बोलणार नाही.

पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. सांगलीकरांना हे नाव गाडीपेक्षा विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळं जास्त पाठ. मुंबईत या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, कारण शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ऑक्टोबर २००३ ची होती आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. ती बातमी मी बाबांना फॉरवर्ड केली होती. रिप्लाय तीन शब्दांचा आला. 'आपली चालू आहे.'

चालू होती, पण हेडलाइट मंद पडले होते. दोन वर्षं फोनवर तेच ऐकत होते. "लाइट पडत नाही गं रस्त्यावर." मग काय काय झालं बघा. बल्ब बदलले. फरक नाही. बॅटरी बदलली. फरक नाही. मग कुणीतरी सुचवलं की ६०/५५ वॅटचे काढून १००/९० वॅटचे बल्ब टाका. चार दिवस बाबा खूश. पाचव्या दिवशी जळका वास आला आणि डाव्या बाजूचा प्लॅस्टिकचा होल्डर वितळून बल्बला चिकटला. परत जुने बल्ब. आता सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, गाडी विकून टाका. ते सोडून बाबांना सगळं पटत होतं.

त्या ट्रॉलीनंतर मी पुण्याला परत जायचं दहा दिवस पुढं ढकललं. फ्रीलान्सरचा हा एक फायदा, बॉस नसतो. (पगारही नसतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बाजारातून साडेतीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणला. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "अकरा हजारांच्या लाइनवर काम केलंय मी. बारा व्होल्टला तू मला शिकवणार व्हय?"

मी बल्ब काढला, होल्डरच्या पिनांना मीटर लावला, लाइटचा स्विच ओढला. साडेबारा व्होल्ट. बॅटरीवर पण साडेबारा. म्हणजे सगळं ओके! मी विजयी चेहऱ्यानं जाहीर केलं की गाडीत फॉल्ट नाहीच.

इथंच मी गंडले होते, आणि मला वाटतं बहुतेक सगळे इथंच गंडतात.

माझी चूक काय होती ते साताऱ्यात कळलं. पोवई नाक्याच्या मागच्या बाजूला एका गल्लीत बाबांच्या ओळखीचे एक मेस्त्रीकाका आहेत. ही गाडी घेतली तेव्हापासून तिचं वायरिंग त्यांच्याकडं. सांगलीला आल्यापासून बाबा त्यांच्याकडं गेले नव्हते, "एवढ्याशा कामाला सव्वाशे किलोमीटर कशाला" म्हणून. मी म्हटलं, चला. बुधवारी सकाळी आम्ही निघालो, दिवसाउजेडी.

काकांनी माझ्या हातातला मीटर बघितला आणि हसले. "ताई, बल्ब काढून मोजलंत ना? मग मीटर फुल्लच दाखवणार. नळाची पाइप कचऱ्यानं चोंदलेली असली तरी नळ बंद असताना प्रेशर पुरतं लागतं. नळ सोडला की मग करंगळीएवढी धार. लोड टाकून बघायचं असतंय."

म्हणजे बल्ब जागेवर, लाइट चालू, इंजिन चालू, तारेतून करंट वाहतोय, आणि त्या अवस्थेत मोजायचं. करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडसुद्धा निर्दोष दिसतो. वाहायला लागला की तो जोड आपला वाटा खातो. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर ओढतात, आणि एवढ्या करंटला थोडासा रेझिस्टन्ससुद्धा महागात पडतो. म्हणून तर ९० वॅटचे बल्ब लावल्यावर होल्डर वितळला होता. पंधरा अँपिअर, त्याच जुन्या तारांतून, त्याच गंजलेल्या पिनांतून. उजेड वाढायच्या ऐवजी उष्णता वाढली.

काकांनी मीटर मलाच धरायला लावला. इंजिन चालू, डिपरवर लाइट चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.८ व्होल्ट. अल्टरनेटर छान चार्ज करत होता. बल्बच्या पिनांवर मात्र ११.२. म्हणजे वाटेत २.६ व्होल्ट गायब.

कुठं गायब, ते शोधायची पद्धत इतकी सोपी आहे की मला स्वतःचाच राग आला. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर. जेवढा आकडा येईल तेवढं त्या वाटेत खाल्लं जातंय. आकडा आला १.५. मग एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनवर. तिथं खरं तर शून्याच्या आसपास यायला हवं. आला १.१. बेरीज करा. २.६, हिशोब जुळला!

आता तुम्ही म्हणाल, २.६ व्होल्टनं असं काय मोठं बिघडतं? बिघडतं. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घातात कमी होतो. आमचं व्होल्टेज जेमतेम एक पंचमांशानं उतरलं होतं. उजेड मात्र निम्म्यावर आला होता. दोन वर्षं बाबा अर्ध्या हेडलाइटवर गाडी चालवत होते. ती ट्रॉली डोळ्यांसमोर आली आणि पोटात गोळा आला.

काकांनी डावीकडचा इंडिकेटर लावला. त्याच्या टिकटिकीबरोबर डावा हेडलाइटही किंचित लुकलुकायला लागला. "हे बघा, अर्थ खराब." दोन्ही दिव्यांची अर्थ एकाच स्क्रूवर होती. तो स्क्रू गंजलेल्या पत्र्यातून कुरकुरत बाहेर आला. वायरच्या टोकाला हिरवट कार्बन, आणि वॉशरखाली बोटावर घेण्याएवढी बारीक, राखाडी, सुकलेली माती.

"ही साताऱ्याची न्हाय," काका म्हणाले.

बाबांनी ती बोटावर घेतली. "कृष्णेची आहे."

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. आई-बाबा दोघं वरच्या मजल्यावर होते, मी पुण्यात फोन लावत बसले होते आणि पद्मिनी खाली दारात सीटपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर तिथल्याच एका गॅरेजमध्ये गाडी धुऊन, वाळवून, ऑइल बदलून आणली. ती चालू झाली म्हणून बाबांनी पेढे वाटले होते. पण पुराचं पाणी इंजिनमधून काढता येतं, प्रत्येक कपलरमधून, प्रत्येक स्क्रूखालून ते कोण काढणार? ते तिथं शांतपणे पाच वर्षं आपलं काम करत राहिलं.

पुढचे तीन तास मी नुसती बघत नव्हते. पॉलिश पेपर माझ्या हातात होता. अर्थची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासली, नवी जाड वायर, दोन्ही बाजूंना वेगवेगळी अर्थ, वरून ग्रीस. मग फ्यूजबॉक्स. पद्मिनीत ते जुन्या पद्धतीचे गोळीसारखे फ्यूज, पितळी चिमट्यांत अडकवलेले. चिमटे काळे पडले होते, तेही साफ केले. शेवटी काकांनी दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिपरला.

आमच्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत होता. लांबची वाट, बारीक तारा आणि बत्तीस वर्षं जळून खडबडीत झालेले स्विचचे पॉइंट. रिले लावला की स्विचमधून जातो तो फक्त इशाऱ्यापुरता करंट, अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी. बल्बचा खरा करंट बॅटरीकडून फ्यूजमधून, जाड तारेनं, थेट. हे मात्र बाबांनीच मला समजावलं. "सबस्टेशनला हेच की! ब्रेकर यार्डात, बटण आत कंट्रोल रूममध्ये. माणूस काय हातानं ब्रेकर ओढतो व्हय?" त्यांचा चेहरा खुलला होता. रिटायर होऊन दहा वर्षं झाल्यावर त्यांना कुणीतरी कामाचं काही विचारलं होतं.

परत मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर १३.४. बाराशे रुपयांत.

फोकस लावायला अंधार हवा, म्हणून सहापर्यंत थांबलो. गल्लीच्या टोकाच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी केली. डिपर लावला आणि भिंतीवर असा स्वच्छ पांढरा पट्टा उमटला की मी टाळ्याच वाजवल्या. कडा ब्लेडनं कापल्यासारखी. काकांनी स्क्रू फिरवून दोन्ही पट्टे सारखे केले.

"कसं वाटतंय साहेब?"

बाबा थोडा वेळ बघत राहिले. "फरक आहे," ते म्हणाले. "पण अजून मंदच वाटतीय."

काका काही बोलले नाहीत. हात पुसले, गाडीची किल्ली उचलली आणि माझ्या हातात दिली. "जाताना ताई चालवू देत. हात बसू दे जरा."

स्टिअरिंगवरच्या गिअरनं रात्री हायवेवर चालवायची माझी ती पहिली वेळ. कराडपर्यंत माझं सगळं लक्ष सेकंड कुठं आणि थर्ड कुठं यातच. जागोजागी रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन, पण दिसत होतं सगळं. बोर्ड, बॅरिकेड, कडेनं जाणारी सायकल. पेठ नाक्याला वळलो, दुतर्फा ऊस, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे.

"बघ, सगळे अप्परवर," बाबा वैतागून म्हणाले. "डिपर मारायची पद्धतच राहिली नाही."

मी बघितलं. समोरची जीप डिपरवर होती. तिच्या मागची कार डिपरवर. त्यामागचा ट्रक, तोही डिपरवर.

"बाबा, हा?"

"अप्परवरच आहे की. दिव्याभोवती केवढं वलय पडलंय, दिसत नाही तुला?"

मला वलय दिसत नव्हतं.

त्या क्षणी मला तो मोटरसायकलवाला आठवला. त्याला ट्रॉली लांबून दिसली होती. आमच्या गाडीच्या दिव्यांत निम्मा उजेड होता, पण तेवढ्या उजेडातही मला ती कदाचित आधी दिसली असती. मी मोबाइलमध्ये होते. आणि बाबांना दिसली नव्हती.

आष्ट्यात चहाला थांबलो. मी कपात बघत म्हटलं, "बाबा, दिवा नीट झालाय. मीटरवर बघितलं आपण. समोरचे सगळे डिपरवर होते. डोळे दाखवूया का?"

मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवसा मला सगळं दिसतं. पेपर वाचतो मी."

"दिवसा लोड नसतो, बाबा."

मला ते बोलायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि मग हळूच हसले. "म्हणजे अर्थिंग माझी गेलीय म्हणायचं."

निदान मोतीबिंदूचं निघालं, दोन्ही डोळ्यांना, उजवा जास्त. डॉक्टरांनी सांगितलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होत जातं. हे मोतीबिंदू नसताना. मोतीबिंदू असेल तर समोरून येणारा उजेड भिंगात विखुरतो, म्हणून वलयं, म्हणून सगळं जग अप्परवर. दिवसा, भरपूर उजेडात, माणूस आरामात पेपर वाचतो. त्यामुळं त्याला स्वतःलाही कळत नाही, आणि तो प्रामाणिकपणे गाडीचे बल्ब बदलत राहतो.

बाबांची तक्रार खोटी नव्हतीच. उजेड दोन ठिकाणी खाल्ला जात होता. आम्ही मोजत नव्हतो, नुसतं ऐकत होतो. आणि फोनवर मी तर तेही करत नव्हते. "लाइट पडत नाही" म्हटलं की "गाडी विका ना बाबा" म्हणायचं आणि विषय बदलायचा. रोज विचारायचं, बरे आहात ना? ते म्हणायचे, बरा आहे की. बल्ब काढून व्होल्टेज मोजल्यासारखंच ते.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, एप्रिलमध्ये डाव्या. पहिल्यांदा पट्टी काढून घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या ट्यूबकडं बघत उभे राहिले. "ही एवढी पांढरी होती?" मग आईकडं बघून म्हणाले, "केस एवढे पिकले तुझे?" त्या दिवशी त्यांना चहा उशिरा मिळाला.

डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, हे त्यांनी पाळलं. आणि दुसरा नियम त्यांनी स्वतःहून केला. दिवेलागणीनंतर हायवेवर ते चालवणार नाहीत. मी असेन तर मी, नाहीतर मुक्काम. डोळे सुधारले तरी वय अडुसष्टच आहे, असं तेच म्हणाले. माझ्या तोंडून हे वाक्य यायची मला भीती वाटत होती.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून लग्न आटपून परत येताना मी चालवत होते. कराड सोडल्यावर समोरचे दोघं-तिघं मला डिपर मारून गेले. मला कळेना. मी तर डिपरवरच होते.

"फोकस वर गेलाय," शेजारून बाबा म्हणाले. "डिकीत काय भरलंय आईनं?"

तांदळाचं पन्नास किलोचं पोतं होतं. मागं वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं आणि नाकाबरोबर दिवेही. मला रस्त्यावर काही फरक दिसला नव्हता. त्यांना दिसला.

पोतं पुढं घेतलं, माझ्या आणि बाबांच्या पायांच्या मधे नाही मावलं, त्यांच्या मांडीपाशी कसंबसं टेकवलं. बाबा सांगलीपर्यंत त्याला धरून बसले होते. समोरून दिवे येत होते, आणि ते मोजून सांगत होते. "डिपर. डिपर. हा बघ, हा खरा अप्परवाला."

हेडलाइट मंद वाटतोय?

• एकच दिवा मंद असेल तर त्या बाजूचा होल्डर आणि अर्थ बघा. दोन्ही मंद असतील तर दोघांना मिळून असलेली वाट बघा: फ्यूज, स्विच, सामाइक अर्थ, चार्जिंग.

• मोजायचं ते बल्ब लावून, लाइट आणि इंजिन चालू ठेवून. बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ साफ करा.

• इंडिकेटरबरोबर हेडलाइट लुकलुकतोय? संशय आधी अर्थवर घ्या.

• जुन्या वायरिंगवर जास्त वॅटचे बल्ब लावू नका. फिलामेंटच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवलात तर उजेड भलतीकडं फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

• गाडी कधी पुरात उभी होती का, हे मेस्त्रीला सांगा. पाच वर्षांपूर्वीची असली तरी सांगा.

• एवढं करूनही घरच्या मोठ्यांना दिवा मंदच वाटत असेल, तर रात्री एकदा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा. मोबाइल बॅगेत ठेवून.